‘हब इनबिल्ट’ म्हणजे नेमके काय, ते बिलावर लिहून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी आणि पाडव्याच्या तोंडावर मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत टीव्हीच्या पानभर जाहिराती येतात. त्यांत आता इंचांच्या आकड्याशेजारी ‘स्मार्ट होम हब इनबिल्ट’ ही ओळही ठळक छापलेली असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे ४३ आणि ५५ इंची संच पुष्कळ घरांच्या आवाक्यात आले. त्याच खरेदीत हबही पदरात पडतो म्हणून लोक वरचे चार-सहा हजार मोजतात. हे पैसे सत्कारणी लागतील की वाया जातील, हे दोन प्रश्नांवर ठरते. टीव्हीच्या आत नेमका कोणता रेडिओ, म्हणजे उपकरणांशी बिनतारी बोलणारा भाग, आहे? आणि त्या टीव्हीला चोवीस तास लाइट मिळणार आहे का? पहिल्याचे उत्तर दुकानात मिळते. दुसऱ्याचे आपल्या घरात शोधावे लागते, आणि आपल्या भागात तोच प्रश्न जास्त मोठा आहे.

हबचे काम एका ओळीत सांगता येते. दाराचा सेन्सर, टाकीचा सेन्सर, दिवा, प्लग, पडदा ही सगळी उपकरणे ज्याच्याशी बोलतात आणि जो ठरवून दिलेल्या वेळी त्यांना हुकूम देतो, तो हब. पण दुकानात या एकाच नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिल्या प्रकारच्या टीव्हीवर ‘अलेक्सासोबत चालतो’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ इतकाच, की बोलून टीव्ही चालू-बंद करता येतो. तो हब नव्हे. दुसऱ्या प्रकारात पडद्यावर घरातल्या उपकरणांची यादी दिसते आणि रिमोटने दिवा लावता येतो. तोही हब नव्हे, ते मोबाइलमधले ॲप मोठ्या पडद्यावर आणलेले असते आणि हुकूम इंटरनेटवरून फिरून येतो. तिसऱ्या प्रकारात टीव्ही मॅटर या मानकाची वाय-फाय उपकरणे स्वतः जोडून घेतो. चौथ्या प्रकारात टीव्हीच्या आत झिग्बी किंवा थ्रेडचा वेगळा रेडिओ असतो आणि बटनसेलवर वर्ष-दीड वर्ष चालणारे छोटे सेन्सर थेट त्याला जोडता येतात. जाहिरातीतले सुरक्षित घराचे चित्र या चौथ्या प्रकाराचे असते, गळ्यात मात्र बहुधा दुसरा किंवा तिसरा प्रकार पडतो.

मॅटर म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी एकमेकांशी बोलावे म्हणून ठरवलेली सामाईक भाषा. तिची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. ही भाषा वाय-फायवरून चालते आणि थ्रेडवरूनही चालते. थ्रेड आणि झिग्बी हे दोन्ही कमी विजेचे, २.४ गिगाहर्ट्झवरचे रेडिओ आहेत, पण ते एकमेकांचे ऐकत नाहीत. म्हणजे ‘मॅटर आहे’ असे सांगितले तर थ्रेड असेलच असे नाही, आणि थ्रेड असला तरी आधी घेऊन ठेवलेले झिग्बीचे सेन्सर त्याला जोडले जातीलच असे नाही. खोक्यावर मॅटरचे चिन्ह पाहून सेन्सर आणायचा आणि तो टीव्हीला दिसतच नाही, या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच असते. सेन्सर थ्रेडचा असतो आणि टीव्हीत थ्रेड बॉर्डर राउटर, म्हणजे थ्रेडची उपकरणे घरच्या नेटवर्कला जोडणारा भाग, नसतो. उपकरणात दोष नसतो, परत घ्यायला दुकानदार तयार होत नाही आणि गिऱ्हाइकाला कारण कळत नाही.

कंपन्यांचे सांगायचे तर सॅमसंगच्या २०२२ आणि त्यानंतरच्या बऱ्याच वरच्या श्रेणीतल्या संचांत स्मार्टथिंग्ज या तिच्याच स्मार्ट होम यंत्रणेचा हब येतो. त्यातल्या काहींत झिग्बी-थ्रेडचा रेडिओ आतच असतो, तर काहींना यूएसबीला लावायचा डोंगल वेगळा घ्यावा लागतो. गुगलने २०२४ मध्ये जाहीर केले, की अँड्रॉइड १४ किंवा त्यापुढची आवृत्ती असलेले निवडक गुगल टीव्ही आणि काही एलजी टीव्ही गुगल होमचे हब म्हणून चालतील. हे मॅटरपुरते आहे, झिग्बीचा त्यात संबंध नाही. एकाच मालिकेतल्या ४३ आणि ६५ इंची संचांतही फरक असू शकतो. म्हणून मालिकेचे नाव सांगून भागत नाही. संचाच्या मागच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्यावा, कंपनीच्या भारतातल्या संकेतस्थळावर त्याचे तपशीलपत्र उघडावे आणि त्यात झिग्बी, थ्रेड, मॅटर हे तीन शब्द एकेक करून शोधावेत. परदेशी चॅनेलवरचा व्हिडिओ पाहून निर्णय घेऊ नये, तिकडच्या आणि इकडच्या संचात हेच भाग बदललेले असतात.

तपशीलपत्र वाचून झाले तरी एक चाचणी दुकानातच करून मागावी. तिला पंधरा-वीस मिनिटे लागतात. दाराचा एक सेन्सर टीव्हीला जोडायचा. मग रिमोटने टीव्ही बंद करायचा, भिंतीवरचे बटण मात्र चालूच ठेवायचे. दहा मिनिटे थांबायचे, कारण काही संच बंद केल्यावर लगेच झोपत नाहीत, थोड्या वेळाने वाय-फाय सोडतात. त्यानंतर सेन्सरचे दोन तुकडे वेगळे करायचे आणि मोबाइलवर सूचना येते का ते पाहायचे. आली नाही, तर सेटिंगमध्ये स्टँडबायमध्येही, म्हणजे रिमोटने बंद पण लाइट चालू असतानाही, नेटवर्क चालू ठेवण्याचा पर्याय आहे का ते तपासून पुन्हा करायचे. शेवटी राउटरमधून इंटरनेटची तार काढायची, वाय-फाय तसेच ठेवायचे आणि ‘सेन्सर उघडला की दिवा लागावा’ असा साधा नियम चालतो का ते पाहायचे. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटले की दोन-दोन दिवस इंटरनेट नसणे आपल्याकडे नवे नाही. जो हब इंटरनेटशिवाय घरातले नियम चालवू शकत नाही, त्यासाठी वरचे पैसे देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता लाइटचा प्रश्न. रात्री झोपताना टीव्हीचे बटण बोर्डावरून बंद करायचे, ही आपल्याकडची वर्षानुवर्षांची सवय आहे आणि ती चुकीची नाही. विजेचा दाब वरखाली होतो, पहाटे लाइट येताना झटका बसतो, म्हणून वडीलधारी माणसे बटण बंद करूनच उठतात. पण हब टीव्हीत असेल तर त्या बटणाबरोबर हबही बंद पडतो. दाराचा सेन्सर, गॅसगळतीची सूचना, पहाटे मोटर लावण्याचा नियम, सगळे थांबते, आणि नेमके रात्री थांबते. शिवाय हब सापडेना म्हटल्यावर काही सेन्सर त्याला पुन्हापुन्हा शोधत राहतात आणि वर्षभर चालायचा सीआर२०३२ बटनसेल काही आठवड्यांत संपतो. सेन्सर वाईट आहे असे वाटून लोक दुसरा आणतात, त्याचेही तेच होते.

त्यामुळे हबवाला टीव्ही घ्यायचा असेल तर त्याच्या सॉकेटचे बटण कायम चालू राहील अशी सोय आधी करावी. बोर्डावर त्या बटणाला झाकण लावावे किंवा टीव्हीच्या मागे स्वतंत्र सॉकेट काढून घ्यावे. स्टँडबायचा खर्च काढणे सोपे आहे. अखंड खाल्लेल्या प्रत्येक वॉटमागे ३० दिवसांत ०.७२ युनिट पडते. हब चालू ठेवून संच २ वॉट घेत असेल तर महिन्याला दीड युनिटही होत नाही, १५ वॉट घेत असेल तर जवळपास ११ युनिटे होतात. कोणता संच किती घेतो हे प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरने दोन मिनिटांत कळते, आणि असा मीटर चांगल्या दुकानात ठेवायलाच हवा.

भारनियमनाच्या वेळी काय? टीव्हीची लाइन इन्व्हर्टरवर असेल तर स्टँडबायचा भार बॅटरीला जाणवतही नाही. ५५ इंची संच पाहत बसले तर मात्र १०० ते १५० वॉट जातात. बॅटरी वाचवायची म्हणून बऱ्याच घरांत टीव्हीची लाइन इन्व्हर्टरवर घेतलेलीच नसते, आणि तिथे लाइट गेली की हबही गेला. इन्व्हर्टरवर असली तरी एक गोष्ट पाहावी. मागच्या बाजूला यूपीएस आणि इको किंवा नॉर्मल असे बटण असते, ते यूपीएसवर हवे. दुसऱ्या मोडमध्ये लाइट बदलायला क्षणभर जास्त लागतो, तेवढ्यात टीव्ही रीस्टार्ट होतो, आणि हब पुन्हा उभा राहून सगळ्या उपकरणांची हजेरी घेईपर्यंत काही मिनिटे जातात. दिवसातून सहा वेळा लाइट जा-ये करणाऱ्या गावात हे सहा वेळा होते. राउटर आणि फायबरच्या डब्यालाही बॅकअप हवाच. त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरतो, मात्र राउटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर त्याच्याशी जुळवून पाहावेत.

मराठवाड्यात या यंत्रणेचा खरा उपयोग पाण्यासाठी आहे, आणि त्याविषयी जाहिरातीत अक्षरही नसते. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते सगळ्यांना आठवते. आजही बऱ्याच शहरांत नळ कित्येक दिवसांआड आणि अवेळी येतो. पाणीगळती ओळखण्याचा जो झिग्बी सेन्सर स्वयंपाकघरातल्या सिंकखाली ठेवण्यासाठी विकतात, तोच नळाच्या तोटीखाली एका पसरट ताटलीत ठेवला तर नळ आल्याआल्या मोबाइल वाजतो. तळाच्या दोन पिनांना पाणी लागले की तो बोलतो. ताटलीला कडेने एक भोक पाडावे म्हणजे पाणी साचून राहत नाही आणि पुढच्या वेळी सेन्सर कोरडा सापडतो. पिनांवर क्षार बसतात, आपल्या बोअरच्या पाण्याने तर लवकरच. महिन्यातून एकदा लिंबाच्या रसाने पुसून कोरड्या कराव्यात, नाहीतर तो सतत ‘पाणी आहे’ असेच सांगत राहतो. जमिनीखालच्या हौदात मात्र सेन्सर टाकू नये. काँक्रीटचे झाकण आणि पाणी मिळून २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवतात. पाणी ओळखणारी, तारेने जोडलेली काडी आत सोडायची आणि सेन्सरची डबी बाहेर भिंतीवर बसवायची.

मोटरच्या बाबतीत कळकळीने सांगावेसे वाटते, कारण इथे चूक झाली तर मोटर जळते. एक एचपीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण ६ ते ७ अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते. स्मार्ट प्लगवर ‘१६ अँपिअर’ लिहिलेले असते ते गिझरसारख्या भारासाठी. २००० वॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो आणि तो प्लग त्याला खुशाल चालतो. मोटरला लावला तर सुरू होतानाच्या ठिणगीने आतल्या रिलेची, म्हणजे हुकुमावर चालणाऱ्या छोट्या स्विचची, पट्टी हळूहळू चिकटते आणि एके दिवशी मोबाइलवर ‘बंद’ दिसते, मोटर चालूच असते. म्हणून स्मार्ट रिलेने मोटर थेट चालवू नये. त्याने २५ अँपिअरच्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोठा भार झेलणाऱ्या स्विचची, २३० व्होल्टची कॉइल चालवावी आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा. पुढे सी कर्व्हचा, म्हणजे मोटर सुरू होतानाचा क्षणिक भार सोसणारा, एमसीबी असावा. बोअरच्या सबमर्सिबलला कपॅसिटरसह स्टार्टर पॅनेल असतेच, तिथे पॅनेलच्या आतले जोडकाम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोटर बंद करण्याची जबाबदारी हबवर टाकू नये. हब टीव्हीत असो की वेगळा. वरच्या टाकीचा फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीवर चालू-बंद होणारा स्विच, आणि खालच्या हौदाचा फ्लोट स्विच, दोन्ही त्या कॉइलच्या तारेत एकापाठोपाठ एक जोडावेत. टाकी भरली की वरचा उघडतो, हौद रिकामा झाला की खालचा उघडतो, आणि कोणताही एक उघडला की मोटर थांबते. इंटरनेट नसो, टीव्ही बंद असो, सेन्सरचा सेल संपलेला असो, तार आपले काम करते. हबने फक्त सुरू करायचे आणि खबर द्यायची. तसेच बहुतेक स्मार्ट रिलेंत ‘लाइट परत आल्यावर काय करायचे’ हे ठरवण्याची सोय असते. चालू, बंद किंवा आधी होते तसे, असे तीन पर्याय असतात. मोटर, गिझर आणि शेगडीसाठी तिथे ‘बंद’ हेच निवडावे. कारखान्यातून आलेली निवड तशीच ठेवली तर मध्यरात्री लाइट आल्यावर गिझर आपोआप सुरू होऊ शकतो.

सिग्नलच्या अडचणीही आपल्या घरांच्या बांधणीतून येतात. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती दीड-दोन फूट जाड असतात, आणि टीव्ही दिवाणखान्याच्या एका टोकाला टांगलेला असतो. त्याच्या मागची धातूची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये रेडिओ अडकतो. स्वयंपाकघरापर्यंत तो पोहोचला नाही तर वाटेत लाइटवर चालणारा झिग्बी प्लग लावावा. असे प्लग निरोप पुढे देतात, सेलवर चालणारे सेन्सर देत नाहीत. दर दहा-बारा फुटांवर किंवा प्रत्येक जाड भिंतीनंतर एक, हे बहुतेक घरांना पुरते. तो प्लगही कोणी बोर्डावरून बंद करता कामा नये. स्मार्ट बल्बचेही तसेच आहे, भिंतीवरचे बटण बंद केले की त्याच्या भरवशावर असलेला मागचा सेन्सर हरवतो. डोंगलवाला टीव्ही असेल तर डोंगल निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये हार्डडिस्कशेजारी लावू नये. त्या पोर्टचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर येतो. अर्धा-एक मीटरची यूएसबी वाढीव वायर लावून डोंगल टीव्हीच्या बाहेर काढला की सुटणारे सेन्सर पुष्कळदा तेवढ्यानेच टिकतात. राउटरचा वाय-फाय चॅनेल ‘ऑटो’वरून काढून १ वर ठेवावा आणि निवड असेल तर झिग्बी २० किंवा २५ या चॅनेलवर न्यावा, म्हणजे दोघे एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

वाय-फायची उपकरणे जोडताना सर्वांत जास्त वेळ जातो तो राउटरमुळे. बहुतेक स्मार्ट प्लग आणि बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झ जाणतात. राउटरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल आणि मोबाइल ५ वर असेल तर जोडणी अर्ध्यात अडकते. जोडणीपुरती ५ ची पट्टी बंद ठेवावी. टीव्ही एका नावावर आणि प्लग पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नावावर असेल तर ते एकमेकांना दिसत नाहीत. राउटरमधला ‘एपी आयसोलेशन’, म्हणजे उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारा, पर्याय चालू असेल तरी तेच. मॅटरला घरातल्या नेटवर्कवर आयपीव्ही६, म्हणजे उपकरणांना पत्ते देण्याची नवी पद्धत, लागते, ते काही राउटरांत बंद करून ठेवलेले असते.

वीज पडणे आणि न्यूट्रल तुटणे, या दोन गोष्टींनी आपल्याकडे टीव्ही सर्वांत जास्त जातात. न्यूट्रल म्हणजे झिरोची तार डीपीवर किंवा खांबावर तुटली की घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका पितो, हा लांबलेला दाब तो झेलू शकत नाही. त्यासाठी मीटरनंतर जास्त-कमी दाबाला लाइन तोडणारे उपकरण बसवावे लागते. स्पाइक गार्डलाही अर्थिंग नसेल तर त्याचा निम्मा उपयोग संपतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो. फेब्रुवारी ते जून आठवड्यातून एकदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावे आणि मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब पाहावा. भार चालू असताना तो २-३ व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग आणि न्यूट्रलचे जोड दाखवून घ्यावेत. वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले की टीव्हीची पिन आणि डिशची वायर दोन्ही काढणे हेच योग्य आहे. हब बंद पडेल म्हणून पिन तशीच ठेवण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देणार नाही.

संच घरी आल्यावर तो बसवायला आलेला मुलगा घाईत स्वतःच्याच मोबाइल नंबरवर किंवा ईमेलवर खाते उघडतो, हे सर्रास चालते. नुसत्या टीव्हीला त्याने फारसे बिघडत नाही. हबवाल्या टीव्हीत मात्र त्या खात्याच्या हाती घराचे दार, मोटर आणि कोण कधी घरी असते याची माहिती जाते. खाते घरातल्या माणसाच्याच नावाने, त्याच्याच मोबाइलवर उघडून घ्यावे आणि बाकीच्यांना सदस्य म्हणून जोडावे. मॅटरच्या प्रत्येक उपकरणावर क्यूआर कोड आणि ११ अंकी संकेत असतो. उपकरण भिंतीत बसण्याआधी त्याचा फोटो काढून वहीत चिकटवावा. बोर्डाच्या मागे गेल्यावर तो वाचायला पुन्हा बोर्ड उघडावा लागतो. टीव्हीचा मदरबोर्ड बदलला तर हब नवाच समजला जातो आणि झिग्बीची उपकरणे बहुधा पुन्हा एकेक करून जोडावी लागतात, म्हणून दुरुस्तीला देण्याआधी नियमांची यादी लिहून ठेवावी. एक्स्चेंजमध्ये जुना संच देताना ॲपमधून हब काढून टाकावा आणि मग फॅक्टरी रीसेट करावा. आपण काय पाहतो याची नोंद घेणारी सोयही पहिल्याच दिवशी बंद करावी. सॅमसंगमध्ये ती ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ आणि एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’ या नावाने सापडते.

मग घ्यावे काय? शहरातला फ्लॅट, चांगली अर्थिंग, टीव्हीची लाइन इन्व्हर्टरवर आणि आत झिग्बी-थ्रेड दोन्ही, अशी स्थिती असेल तर हबवाला टीव्ही जरूर घ्यावा, एक डबा आणि एक ॲडॉप्टर वाचतो. लाइट वारंवार जाते, डिश आहे, रात्री बटण बंद होते, अशा घरात मात्र पडदा, आवाज आणि जवळचे सर्व्हिस सेंटर पाहून साधा स्मार्ट टीव्ही घ्यावा. वाचलेल्या पैशांत वेगळा झिग्बी हब घेऊन तो राउटरशेजारी त्याच यूपीएसवर ठेवावा. तो जेमतेम काही वॉट घेतो, टीव्ही बिघडला तरी चालू राहतो आणि पाच-सात वर्षांनी टीव्ही बदलला तरी काही पुन्हा जोडावे लागत नाही. मराठवाड्यातल्या बहुसंख्य घरांसाठी आम्ही हाच दुसरा मार्ग सुचवू. घरात वयस्क माणसे असतील तर भिंतीवरची नेहमीची बटणे काढू नयेत. अलेक्साला आपल्याकडे हिंदी आणि इंग्रजीच कळते, आजीला दिवा लावण्यासाठी भाषा बदलायला लावणे बरे नव्हे.

आपल्याकडे एक विनंती आहे. टीव्हीच्या जाहिराती घेताना ‘हब’ शब्दापुढे मॉडेल क्रमांक आणि झिग्बी, थ्रेड, मॅटर यांपैकी काय आत आहे व कशाला डोंगल लागतो, एवढी एक ओळ छापण्याचा आग्रह आपल्या जाहिरात विभागाने धरावा. दुकानदारांनीही तीच ओळ बिलावर लिहून द्यावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध तक्रार करता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण ‘सेल्समन तोंडी म्हणाला होता’ एवढ्यावर तक्रार टिकत नाही, बिलावरची ओळ टिकते. जालना, बीड, परभणी, हिंगोलीच्या मोठ्या दुकानांनी एक दाराचा सेन्सर, एक पाण्याचा सेन्सर आणि एक वॉटमीटर काउंटरवर कायम ठेवावा आणि मागेल त्याला वर सांगितलेली चाचणी करून दाखवावी.

आपले,
घरगुती वायरिंग व नेटवर्कचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
छत्रपती संभाजीनगर आणि जालना